रक्तदाब एकट्याचा नसतो

बीपी वाढल्याचं निदान झालं की दवाखान्यातून माणूस दोन गोष्टी घेऊन बाहेर पडतो: गोळ्यांची चिठ्ठी आणि तोंडी सल्ला. मीठ कमी करा, वजन उतरवा, रोज चाला, ताण घेऊ नका. चिठ्ठीवरची गोळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. सल्ला कसा पाळायचा, घरात कुणी पाळायचा, बाहेर असताना काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. सहा महिन्यांनी रुग्ण परत येतो, आकडा होता तिथेच असतो आणि दोष त्याच्या आळसाला नाहीतर जिभेला दिला जातो. माझं म्हणणं असं आहे की सल्ला योग्य आहे, त्यामागचा पुरावा भक्कम आहे, पण तो ज्याला दिला जातो त्याच्या हातात फारसं काही नसतं. ज्याला आपण एका माणसाची जीवनशैली म्हणतो, तिचा मोठा भाग घरातल्या स्वयंपाकात, नाक्यावरच्या दुकानात, कामाच्या वेळांत आणि रस्त्याच्या कडेला ठरतो. रक्तदाब खरोखर उतरवायचा असेल तर पथ्य या सगळ्यांना सांगावं लागेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, पंधरा वर्षांवरच्या भारतीयांपैकी २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. २०१९ च्या अंदाजानुसार जगभरात ३० ते ७९ या वयोगटात सुमारे १२८ कोटी लोकांना हा विकार होता आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता. पत्ता नसण्याचं कारण साधं आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. ‘डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी नाही’ ही समजूत चुकीची आहे. अनेकांच्या बाबतीत पहिलं लक्षण अर्धांगवायूचा झटका हेच असतं. पण आकड्यांकडे पाहून आणखी एक प्रश्न पडायला हवा. दर चार-पाच माणसांमागे एकाला जे होतं, ते त्या प्रत्येकाच्या वैयक्तिक ढिलाईमुळे होतं, असं मानणं कितपत शहाणपणाचं आहे? कोट्यवधी माणसं एकाच पिढीत एकदम आळशी आणि चवीची गुलाम झाली, हे पटण्यासारखं नाही. त्यांच्या भोवतालचं काहीतरी बदललं असलं पाहिजे.

वयाप्रमाणे रक्तदाब वाढायचाच, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. ‘शंभर अधिक वय’ हा जुना हिशेब अजूनही काही घरांत ऐकू येतो आणि सत्तरीतल्या आजीचं १७० बीपी ‘वयाच्या मानाने ठीक’ म्हणून सोडून दिलं जातं. या समजुतीला सर्वांत मोठा धक्का दिला तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट या पाहणीने. ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी दहा हजारांहून अधिक लोकांचा रक्तदाब मोजला गेला आणि चोवीस तासांची लघवी गोळा करून तिच्यातलं सोडियम तपासलं गेलं. त्यांतली चार ठिकाणं अशी होती जिथे मीठ अगदीच कमी खाल्लं जात होतं: ब्राझीलमधल्या दोन आदिवासी जमाती, एक ठिकाण केनियात आणि एक पापुआ न्यू गिनीत. ब्राझीलच्या जंगलातल्या यानोमामी लोकांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ च्या आसपास निघाला आणि तो वयाबरोबर वाढत नव्हता. म्हातारपणी केस पिकतात तसा रक्तदाब चढतो, हा निसर्गाचा नियम नाही. तो आपल्यासारख्या समाजांचा अनुभव आहे आणि आपण त्याला नियम समजून बसलो आहोत.

यावर कुणी म्हणेल, जंगलातल्या जमातींचे रक्तगुणच वेगळे असतील. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर केनियातल्या लुओ लोकांच्या अभ्यासात मिळतं. पश्चिम केनियातल्या खेड्यांतून ही माणसं कामासाठी नैरोबीला येत. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शहरात आलेल्यांची आणि गावीच राहिलेल्यांची तुलना केली गेली. स्थलांतर केल्यावर थोड्याच काळात, अगदी पहिल्या काही महिन्यांतच, आलेल्यांचा रक्तदाब गावाकडच्यांपेक्षा वर गेला. लघवीतलं सोडियम वाढलं होतं, पोटॅशियम घटलं होतं, वजनही वाढलं होतं. वंश तोच, आईबाप तेच. बदललं होतं ते ताट आणि जगण्याचा वेग. गाव सोडून मुंबई-पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आलेल्या कुठल्याही कुटुंबाला ही कथा अनोळखी वाटणार नाही.

शरीरात हे घडतं कसं, तेही थोडक्यात पाहिलं पाहिजे, कारण त्यातूनच उपायांची संगती लागते. माणसाची मूत्रपिंडं मीठ दुर्मीळ असलेल्या काळात घडली; सोडियम जपून ठेवणं त्यांना उत्तम जमतं, ते भरभरून बाहेर टाकणं तितकं जमत नाही. रोज गरजेच्या कितीतरी पट मीठ आलं की त्याच्याबरोबर पाणी धरलं जातं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि मूत्रपिंडांना जादा सोडियम बाहेर ढकलायला जास्त दाब लागतो. वर्षानुवर्षं हा दाब सोसून रोहिण्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, मग दाब आणखी चढतो. पोटॅशियम याच्या उलट काम करतं. ते सोडियम बाहेर घालवायला मदत करतं आणि रोहिण्या सैल ठेवतं. पालेभाज्या, डाळी, केळी, टोमॅटो, शहाळं यांत ते भरपूर असतं. पोटावरची चरबी, घोरण्याबरोबर रात्री श्वास अडकणं, दारू, बसून राहणं ही दाब वाढवणारी बाकीची कारणं. सगळ्यांचा शेवट एकाच ठिकाणी होतो.

आता मूळ मुद्द्याकडे. लंडनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ मध्ये एक निबंध लिहिला आणि त्यात केनियातले भटके पशुपालक आणि लंडनमधले सरकारी नोकर यांचे रक्तदाब शेजारी शेजारी मांडले. लंडनमध्ये थोडी माणसं आजारी आणि बाकीची केनियासारखी निरोगी, असं चित्र निघालं नाही. लंडनचा अख्खा समाजच वरच्या बाजूला सरकलेला होता. रोज यांनी दोन प्रश्न वेगळे केले. या समाजात हाच माणूस आजारी का पडला, हा एक प्रश्न. हा समाजच आजारी का आहे, हा दुसरा. दवाखाना पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधतो आणि तेवढ्यावर थांबतो. पण अर्धांगवायू आणि हृदयविकाराचे पुष्कळ बळी त्या माणसांमधून येतात ज्यांचा रक्तदाब थोडासाच वाढलेला असतो, कारण तशी माणसं संख्येने फार असतात. दहा लाख प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं की ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा दर वीस मिलिमीटरने वाढला की मध्यम वयात अर्धांगवायूने मरण्याचा धोका दुपटीहून वाढतो. त्याच हिशेबाने वरचा आकडा केवळ दोन मिलिमीटरने उतरला, तर अर्धांगवायूचे मृत्यू सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतील. दोन मिलिमीटर म्हणजे एका माणसाला जाणवणारही नाही इतका फरक. पूर्ण जिल्ह्याचा रक्तदाब दोन मिलिमीटरने उतरला, तर मात्र शेकडो घरं वाचतात.

आहार-विहाराने रक्तदाब उतरतो का, याबद्दल शंका घ्यायला आता जागा नाही. रक्तदाबावरची चांगली औषधं नव्हती त्या काळात, १९४० च्या दशकात, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर यांनी रुग्णांना भात, फळं आणि साखर एवढ्यावरच ठेवलं. मीठ जवळजवळ शून्य. ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्यांवर रक्तस्राव झाले होते, ज्यांचं हृदय सुजलं होतं, अशा अनेकांत दृश्य सुधारणा झाली. १९९७ मध्ये डॅश या नावाने गाजलेला प्रयोग अधिक माणसाळलेला होता. ४५९ जणांना अन्न पुरवून खाऊ घातलं गेलं. मीठ आणि वजन मुद्दाम तेच ठेवलं. फक्त फळं, भाज्या आणि साय काढलेलं दूध-दही वाढवलं, चरबी कमी केली. आठ आठवड्यांत उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी अकरा मिलिमीटरने उतरला. एका गोळीइतका हा परिणाम आहे. पुढे २००१ मध्ये या आहाराला मीठ कमी करण्याची जोड दिली तेव्हा आकडा आणखी खाली आला. वजन एक किलोने उतरलं की रक्तदाब साधारण एक मिलिमीटरने उतरतो, नियमित भरभर चालण्याने पाच ते आठ मिलिमीटरचा उतार मिळू शकतो.

मात्र या प्रयोगांकडे नीट पाहिलं तर त्यांच्यात एक गोष्ट समान दिसते. केम्पनर यांचे रुग्ण त्यांच्या कडक देखरेखीखाली होते. घरी गेल्यावर तो आहार टिकवणं फार थोड्यांना जमलं. डॅशमधल्या माणसांना अन्न शिजवून हातात दिलं जात होतं. ज्या प्रयोगांत केवळ समुपदेशन केलं, तिथे मीठ सुरुवातीला कमी झालं आणि महिने उलटले तसं हळूहळू परत वर आलं. म्हणजे पुरावा दोन गोष्टी एकदम सांगतो. ताट बदललं की रक्तदाब उतरतो. आणि ताट बदलण्याचं काम एकट्या माणसाच्या निग्रहावर सोपवलं की ते बहुधा टिकत नाही.

आपल्याकडे ते का टिकत नाही, हे आपल्या पानातच दिसतं. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर; वर पापड किंवा सांडगी मिरची; आमटी-भाजीत मीठ आहेच. पापडात मीठ आणि पापडखार, दोन्ही. भजी-ढोकळ्यातल्या खायच्या सोड्यातही सोडियमच. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून खारवलेले बोंबील, बांगडे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत मीठ नसतं, ही आपल्या आहाराची मोठी जमेची बाजू. पण भाकरीची जागा पावाने, खारीने, टोस्टने आणि चहाबरोबरच्या बिस्किटांनी घेतली, की न दिसणारं मीठ दिवसातून तीन-चार वेळा पोटात जातं. मग फरसाण, शेव, वेफर्स, वडापाव, पाकिटातल्या शेवया. अशा घरात एका माणसाला ‘तुम्ही मीठ कमी खा’ म्हणायचं म्हणजे काय करायचं? आमटी एकाच पातेल्यात शिजते. त्याच्यासाठी वेगळी अळणी भाजी करायची, तर कामाचा बोजा घरातल्या बाईवर, आणि भाजी अळणी लागली म्हणून बोलणीही तिलाच. स्वतःचं बीपी वाढलेलं असलं तरी ती वेगळं काही करून घेत नाही, उरलेल्यात जेवते. दवाखान्यात सल्ला ऐकायला नवरा एकटाच गेलेला असतो. जी स्वयंपाक करते तिला त्या संभाषणात बोलावलेलंच नसतं. या एका वगळण्यामुळे निम्मा सल्ला वाया जातो, असं मला वाटतं.

घराचा हिशेब करून पाहणं सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात बाहेरचं, पाकिटातलं, सगळं आलं. चार माणसांच्या घरात एक किलो मिठाचं पाकीट तीस दिवसांत संपत असेल, तर माणशी रोजचे आठ ग्रॅम नुसत्या त्या पाकिटातून जातात. थोडं भांड्याला आणि पाण्यात जातं हे धरलं, तरी पाव, फरसाण आणि लोणच्याच्या बरणीतलं मीठ त्यावर आणखी आहेच. तेच पाकीट दोन महिने पुरायला लागलं, तर घर योग्य वाटेवर आहे. हा हिशेब रुग्णाचा नाही, सगळ्या घराचा आहे. आणि तो घराचा असल्यामुळेच जमण्यासारखा आहे, कारण जीभ बदलते. मीठ हळूहळू कमी केलं तर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, तेच कमी मीठ पुरेसं वाटू लागतं आणि जुनी चव खारट लागते. एकाच्या ताटात कमी आणि बाकीच्यांच्या ताटात पूर्वीइतकं, असं असलं की जीभ बदलायला वेळच मिळत नाही.

घराच्या पलीकडे बाजारही बदलता येतो, हे फिनलंडने दाखवलं आहे. १९७० च्या सुमाराला त्या देशात मध्यम वयाचे पुरुष हृदयविकाराने ज्या प्रमाणात मरत होते, तसं जगात क्वचितच कुठे होत असेल. १९७२ मध्ये पूर्वेकडच्या नॉर्थ करेलिया प्रांतात पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. त्यांनी रुग्णांना गाठण्याऐवजी गावं गाठली. मार्था या गृहिणींच्या संघटनेने स्वयंपाकाच्या बैठका घेतल्या. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी आणि मीठ कमी करायला लावलं. पुढे १९९३ मध्ये जास्त मिठाच्या पदार्थांवर तसं स्पष्ट छापण्याची सक्ती झाली. तीसेक वर्षांत माणशी मीठ सुमारे बारा ग्रॅमवरून नऊच्या आसपास आलं, लोकांचा खालचा रक्तदाब सरासरी दहा मिलिमीटरहून जास्त उतरला आणि पासष्ट वर्षांखालच्यांचे अर्धांगवायू व हृदयविकाराचे मृत्यू पाऊण हिश्शाने घटले. सगळं श्रेय मिठाला देणं अप्रामाणिकपणाचं होईल. लोणी कमी झालं, पुरुषांचं धूम्रपान घटलं, उपचार सुधारले. पण त्याच काळात फिनलंडमध्ये लठ्ठपणा आणि दारू दोन्ही वाढली, आणि तरीही रक्तदाब उतरला, हे विसरता येणार नाही.

यावर सर्वांत जुना आक्षेप आपल्या हवामानाचा. आपण घाम गाळणारी माणसं, आपल्याला मीठ लागतंच, असं म्हणतात. उन्हात राबणाऱ्या शेतमजुराला किंवा गवंड्याला घामातून मीठ जातं, हे खरं. पण उष्णतेला सरावलेलं शरीर घामातून कमी मीठ जाऊ देतं, आणि ज्या यानोमामी लोकांचा उल्लेख वर आला, ते विषुववृत्ताजवळच्या दमट जंगलात, कष्टाचं जीवन जगतात. उन्हाचा झटका बसला, हगवण लागली, तर मीठ-साखर-पाणी हे औषध आहे आणि ते दिलंच पाहिजे. त्यावरून पंख्याखाली बसून काम करणाऱ्याने रोज दहा ग्रॅम मीठ खावं, असा निष्कर्ष निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आणि शास्त्रीय आहे. २०१४ मध्ये प्युअर या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने म्हटलं की फार कमी मीठ खाणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं. हा निष्कर्ष झटकून टाकता येत नाही, पण तो कसा काढला ते पाहावं लागतं. त्यात दिवसभराचं सोडियम सकाळच्या एका वेळच्या लघवीवरून अंदाजाने काढलं होतं आणि आधीच आजारी असलेली माणसं कमी जेवतात, म्हणून कमी मीठ खातात, ही शक्यता पुरती वगळणं अवघड होतं. याउलट, ज्या अमेरिकी चाचण्यांत लोकांचं मीठ प्रत्यक्ष कमी करून दहा-पंधरा वर्षं पाठपुरावा केला, तिथे हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे पाव हिश्शाने कमी आढळले. शिवाय हा वाद अगदी खालच्या पातळीबद्दल आहे. भारतीय माणूस रोज आठ ते अकरा ग्रॅम मीठ खातो, असे अंदाज आहेत. त्याने खाली यावं की नाही, याबद्दल रक्तदाबाच्या तज्ज्ञांत फारसं दुमत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर माझ्याच म्हणण्याला मर्यादा घालतं. जीवनशैली उत्तम असलेल्यांनाही रक्तदाब होतो, त्याचं काय? गांधीजींचं उदाहरण घ्या. १९३६ पासून वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात त्यांचं वास्तव्य होतं. मोजका शाकाहार, रोजचं दीर्घ चालणं, सडपातळ अंगकाठी, व्यसन कुठलंच नाही. तरीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांचा रक्तदाब १९४/१३० होता आणि फेब्रुवारी १९४० मध्ये २२०/११०. आनुवंशिकता, वय, मूत्रपिंडांची जडणघडण यांचा वाटा असतोच आणि तो कुठल्याही पथ्याने पुसता येत नाही. त्या काळी हातात औषध जवळजवळ नव्हतं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा उपयोग ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मांडला, तेव्हा कुठे जगभरच्या वैद्यकाचं तिकडे लक्ष गेलं. आज चार-पाच प्रकारची सुरक्षित, स्वस्त औषधं मिळतात. ज्याचा वरचा आकडा १६०-१७० च्या पुढे आहे, त्याला आहाराने दहा-बारा मिलिमीटर उतरवून भागत नाही. गोळी लागतेच आणि बहुधा कायम लागते. आकडा नीट आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणं, ही आपल्याकडची फार घातक सवय आहे. आकडा नीट आलेला असतो तो गोळीमुळेच. मीठ कमी करणं आणि चालणं यांनी गोळ्यांची संख्या कमी होऊ शकते, त्यांचा परिणाम वाढतो. पण तो निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यायचा असतो.

चौथा आक्षेप स्वातंत्र्याचा. सरकारने आमच्या ताटात डोकावू नये, मीठ खायचं की नाही ते आमचं आम्ही पाहू. या भावनेचा मला आदर आहे. पण पावात किती मीठ घालायचं, हे खाणाऱ्याने कधीच ठरवलेलं नसतं. ते बेकरीवाल्याने किंवा कंपनीने आधीच ठरवलेलं असतं. कमी मिठाच्या पदार्थावर वरून मीठ घालता येतं, जास्त मिठाच्या पदार्थातून ते काढता येत नाही. म्हणजे कमी मिठाचा बाजार माणसाचं स्वातंत्र्य वाढवतो. दक्षिण आफ्रिकेने पाव आणि तत्सम पदार्थांतल्या सोडियमवर कायद्याने मर्यादा घातली आणि ती २०१६ पासून अमलात आणली. चिलीने त्याच वर्षापासून पाकिटांवर काळ्या अष्टकोनी इशाऱ्याची सक्ती केली. आपल्याकडे २०२२ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला. मला तो अपुरा वाटतो. साखर-मिठाने भरलेल्या पदार्थात थोडी डाळ किंवा सुकामेवा घालून दीड-दोन तारे मिळवता येत असतील, तर खरेदी करणाऱ्याची दिशाभूलच होईल. ‘यात मीठ जास्त आहे’ हे चार शब्द मराठीत, पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत हवेत.

घराचं पथ्य म्हणजे नेमकं काय, याचा उत्तम पुरावा चीनमधून आला. तिथल्या ६०० खेड्यांतल्या सुमारे एकवीस हजार लोकांवर पाच वर्षं चाललेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या गावांत तीन भाग नेहमीचं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं, आणि ते एकट्या रुग्णाला न देता सगळ्या घराच्या स्वयंपाकाला पुरेल इतकं दिलं. कुणाला काही सोडायला सांगितलं नाही. अर्धांगवायू १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. आणि इथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे: सैंधव किंवा गुलाबी मीठ म्हणजे हे मीठ नव्हे. तेही जवळजवळ पूर्णपणे सोडियम क्लोराइडच असतं, वर त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. उपवासाला चालतं म्हणून ते रक्तदाबालाही चालतं, असं नाही.

चालण्याबद्दल आणि ताणाबद्दल थोडंच. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाला, हे सांगायला सोपं आहे. पण पदपथ फेरीवाल्यांनी आणि उभ्या दुचाकींनी भरलेला, संध्याकाळी दिवे नाहीत, आणि बाईला एकटीने फिरायची भीती, अशा वस्तीत ती मिनिटं कुठून येणार? रोज दोन-तीन तास लोकलमध्ये आणि बसमध्ये घालवणाऱ्याची झोप सहा तासांच्या आत येते. ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला तर मला पोकळच वाटतो. ताण कुणी घेत नाही, तो येतो. त्याऐवजी झोप, मशेरी-गुटखा-विडी, दारू आणि घोरणं यांबद्दल डॉक्टरांनी नेमके प्रश्न विचारले, तर अधिक उपयोग होईल.

आशेला जागा आहे, आणि ती आपल्याच राज्यात आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. साधी, सगळ्यांना एकसारखी उपचारपद्धती. घराजवळच्या आरोग्य केंद्रात गोळ्यांचा अखंड पुरवठा. प्रत्येक रुग्णाची नोंद आणि न आलेल्याचा पाठपुरावा, एवढ्यावर ते काम उभं राहिलं आणि २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. गोळीच्या बाबतीत जे केलं, तेच आता ताटाच्या बाबतीत करायला हवं. आरोग्य केंद्रात बीपीच्या रुग्णाबरोबर घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही बोलवावं. शाळेच्या पोषण आहारात, वसतिगृहांत, कारखान्यांच्या आणि एसटीच्या उपाहारगृहांत मीठ मोजून घालावं. बेकरीवाल्यांच्या संघटनांशी बोलून पावातलं मीठ टप्प्याटप्प्याने उतरवावं. ग्राहकाला ते कळणारही नाही.

वाचकांना माझी विनंती दोन कामांची आहे. या महिन्यात घरातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी मोजून घ्या: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात टेबलावर ठेवून, न बोलता, आणि आधी अर्धा तास चहा-तंबाखू न घेता. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी आला, तर डॉक्टरांकडे जा आणि घरात स्वयंपाक करणाऱ्याला बरोबर न्या. दुसरं, मिठाचं पुढचं पाकीट फोडाल तेव्हा त्यावर तारीख घाला आणि ते किती दिवस पुरतं ते पाहा.